स्वाध्यायाची शब्दयोजना

महाविद्यालयातील शिक्षक स्वाध्यायांची उत्तरे काळजीपूर्वक तपासतो. परंतु तो स्वाध्यायाचे शब्दही तितक्याच काळजीने तपासतो असे नाही. उत्तरे सदोष आली म्हणजे दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हेच पुष्कळदा त्याला कळलेले नसते.

पदार्थविज्ञानातील एक परिचित उदाहरण घेऊ. ‘साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढा,’ असा स्वाध्याय दिला जातो. हे मूल्य सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, हे विद्यार्थ्याला पुस्तकावरून आधीच ठाऊक असते. त्याचे उत्तर ९.४ आले, तर त्याने काय करावे? स्वाध्याय याविषयी मौन पाळतो. गुण ९.८ लाच मिळणार, अशी समजूत करून घेऊन तो नोंदी बदलतो. अशा रीतीने, मापनाची शिस्त लागावी म्हणून योजलेला प्रयोग आकडे जुळवण्याची सवय लावून जातो. ही हानी एका प्रयोगवहीपुरती राहत नाही.

आता तोच स्वाध्याय निराळ्या शब्दांत मांडू: ‘एक मीटर लांबीचा लंबक घेऊन गुरुत्वत्वरण असे काढा, की उत्तरातील संभाव्य चूक २ टक्क्यांहून अधिक असू नये. किती दोलने मोजली व तीच संख्या का निवडली, ते कारणांसह लिहा.’

येथे विद्यार्थ्याला विचार करणे भागच पडते. या लंबकाचे एक दोलन सुमारे २ सेकंदांत पुरे होते. विरामघड्याळ चालू व बंद करताना एकूण ०.२ सेकंदाची चूक होते असे धरू. एकच दोलन मोजल्यास ही चूक १० टक्के होते. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात ती दुप्पट, म्हणजे २० टक्के होते. दहा दोलने मोजल्यास ती २ टक्क्यांवर येते. पण लांबीच्या मापनातील १ मिलीमीटरची चूक, म्हणजे ०.१ टक्का, तीत मिळवताच मर्यादा ओलांडली जाते. वीस दोलने घेतल्यास एकूण चूक सुमारे १.१ टक्का राहते. ‘वीस दोलने मोजा’ ही पुस्तकातील आज्ञा आता त्याच्या स्वतःच्या विचाराचे फळ ठरते.

यावरून असे दिसून येईल, की चांगल्या स्वाध्यायात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: उद्देश, कृती आणि निकष. प्रस्तुत उदाहरणात मापनातील चुकीचा अंदाज घेण्यास शिकणे हा उद्देश होय. विशिष्ट मर्यादेत उत्तर काढणे व निवडीचे समर्थन करणे ही कृती होय. निकषही आधीच सांगावा: मूळ नोंदी न खोडता ठेवणे, चुकीचा हिशेब आणि कारणमीमांसा यांना गुण मिळतील, उत्तर ९.८ च्या किती जवळ आले, याला नाही.

क्रियापदाची निवडही महत्त्वाची असते. ‘चर्चा करा’ या शब्दांतून वर्णन, तुलना की मूल्यमापन अपेक्षित आहे, हे कळत नाही. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मानल्या आहेत. आपल्याला यांपैकी कोणती हवी, हे शिक्षकाने प्रथम स्वतःशी ठरवावे.

तथापि, स्पष्टता म्हणजे प्रत्येक पाऊल आखून देणे नव्हे. रिकाम्या चौकटी भरण्यापुरतेच काम उरले, तर विचाराला वाव राहत नाही. कोठे पोहोचावयाचे ते निःसंदिग्धपणे सांगावे. मार्गाची निवड विद्यार्थ्यावर सोपवावी.

स्वाध्याय देण्यापूर्वी शिक्षकाने तो एकदा स्वतः सोडवून पाहावा, आणि दुसऱ्या विषयाच्या एखाद्या सहकाऱ्यास वाचावयास देऊन ‘यात काय करावयास सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर दुरुस्ती स्वाध्यायातच हवी.