अनोळखी मासा मिळाला तर? नमुना म्हणजे काय, समजून घेऊया



कधीतरी जाळ्यात असा मासा येतो की तांडेलालाही त्याचं नाव सांगता येत नाही. आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि मासा परत पाण्यात फेकतो. तिथेच नमुना हातचा जातो.

नमुना म्हणजे तपासणीसाठी राखलेला थोडा भाग, ज्यावरून बाकीच्याचं कळतं. डॉक्टर थोडंसं रक्त घेतात. निर्यातीच्या कोळंबीतली थोडी प्रयोगशाळेत जाते, आणि तेवढ्यावर अख्खा माल पास किंवा नापास होतो. घोळ, ढोमा यांच्या डोक्यातला पांढरा खडा कापून त्यातली वलयं मोजली की माशाचं वय समजतं. हे नमुने तपासणीत संपतात. संग्रहालयातला मात्र शंभर वर्षांनीही पुन्हा बघता येतो.

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात कप्तान गूसन यांच्या ट्रॉलरवर एक निळसर, जाड खवल्यांचा मासा आला. वजन ५७ किलो! कप्तानांनी संग्रहालयाच्या मार्जोरी लॅटिमर यांना कळवलं. त्यांनी तो टॅक्सीत घालून नेला, पण ठेवायला शीतगृह मिळालं नाही. मासा कुजू लागला, आतडी टाकून द्यावी लागली, उरली मुख्यतः कातडी. तो सीलाकँथ होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपला असं सगळे समजत होते! आतले अवयव बघायला दुसरा मासा हवा होता, तो मिळाला १४ वर्षांनी, कोमोरो बेटांवर. तिथले मच्छीमार त्याला आधीपासून ओळखत होते, 'गोंबेसा' म्हणत. विचारायलाच कोणी गेलं नव्हतं.

म्हणून मासा न कापता, अख्खाच बर्फात ठेवा. सोबत पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, जीपीएसची जागा, किती वाव पाणी, कुठलं जाळं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात उतरते. चिठ्ठी नसली तर मासा कुठला, हेच कळत नाही. मग मुरगावच्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण केंद्राला किंवा दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला कळवा.

फॉर्मेलिन संग्रहालयवाले वापरतात, आपण हात लावू नये. ते विष आहे, खायच्या माशाजवळ तर नकोच.

आणि व्हेल शार्क किंवा करवत मासा अडकला तर नमुना म्हणूनसुद्धा ठेवायचा नाही. कायद्याने संरक्षित आहेत. जाळं कापावं लागलं तरी सोडून द्या.