परदेशी लेखिका आणि एका दिवसाचे दर्शन

प्रश्न : आमच्या वाचकमंडळाकडे येत्या मंगळवारी एक परदेशी लेखिका येत आहेत, मुक्काम माझ्याच घरी. एका दिवसात अजिंठा, वेरूळ, दौलताबाद व मकबरा दाखवण्याचा बेत आहे. सरकारी परवानगी लागते काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : महोदय, परवानगीची चिंता नसावी, वर्दी मात्र द्यावी लागते, आणि ती केवळ हॉटेलवाल्यांनीच द्यायची हा सार्वत्रिक गैरसमज आहे, कारण परकीय पाहुणा खाजगी घरी उतरला तरी 24 तासांच्या आत विहित नमुन्यात ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक असते.

बेत आपला उदार खरा, परंतु अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरांवर व वेरूळ तिसांवर, तेही भिन्न दिशांना, असल्यामुळे दिवस मोटारीतच खर्ची पडेल. शिवाय मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. म्हणून बुधवार धरावा, आणि अजिंठा निःसंकोच गाळावा. सकाळच्या गारव्यात दौलताबादचा चढ चढून (भुयारी वाटेसाठी विजेरी जवळ असावी), दुपारी पश्चिमाभिमुख लेण्यांवर ऊन येते तेव्हा वेरूळ गाठावे व निम्मा वेळ एकट्या कैलासाला द्यावा. ई. एम. फॉर्स्टर 1913 साली येथे येऊन गेले होते, हे पाहुणीस अवश्य सांगावे. परतताना खुलदाबादेस फारसी-अरबी कवी आझाद बिलग्रामी यांची कबर दाखवावी. तेथे मस्तक झाकावे. मकबरा वेळ उरल्यासच. सत्कार-भाषणे मात्र त्या दिवशी कृपया ठेवू नयेत.