नावापुढची अक्षरं वाचा

डिसेंबरात माझ्या मावसबहिणीचं लग्न. किला गेटच्या आमच्या घरी ती आली आणि मोबाईल पुढे केला. ‘एका दिवसात पोट गायब’ अशी जाहिरात! ‘‘अगं, तू साहित्यवाली ना? वाचून सांग, अॅडव्हान्स भरू का?’’ मग आम्ही दोघींनी ती जाहिरात धड्यासारखी वाचली.

लायपोसक्शन म्हणजे त्वचेला बारीक छेद देऊन आत कॅन्युला ही पोकळ नळी सरकवायची आणि चरबी ओढून काढायची. १९७०च्या दशकाअखेर फ्रान्सच्या इलूझ यांनी ही पद्धत रूढ केली. पण तेव्हा रक्त फार जायचं. १९८०च्या दशकात अमेरिकेचे जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत आणली. त्यात सलाइनमध्ये लिडोकेन आणि अॅड्रिनॅलिन मिसळून ते आधी चरबीत भरतात. लिडोकेनने भाग बधिर होतो, अॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात. पुढे अल्ट्रासाउंड आणि लेझरही आले. पण यंत्र कुठलंही असो, ते चालवणारा हात महत्त्वाचा. आमच्या जाहिरातीत ‘लेझर’ ठळक होतं, डॉक्टरचं नाव मात्र सगळ्यात बारीक.

‘वजन घटवा’ हेही दिशाभूल करणारं. लायपोसक्शनने आकार बदलतो, लठ्ठपणा बरा होत नाही. एका वेळी ५ लिटरहून जास्त काढलं तर धोका वाढतो, म्हणून रात्रभर देखरेख लागते. रक्ताची गुठळी, फुप्फुसात चरबी जाणं, लिडोकेनची विषबाधा हे धोके दुर्मीळ, पण जीवघेणे. मे २०२२ मध्ये बंगळूरला चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक कन्नड मालिका-अभिनेत्री वारली. वय २१. म्हणजे माझ्याच वयाची.

मग डॉक्टर कसा निवडायचा? नावापुढची अक्षरं वाचा. एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, असा हा वर्षानुवर्षांचा रस्ता आहे. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा म्हणजे सर्जरीची पदवी नव्हे. नोंदणी क्रमांक मागा आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या किंवा राज्य परिषदेच्या नोंदवहीत तपासा. भूल कोण देणार, आयसीयू आहे का, बिघडलं तर कुठे नेणार, हेही विचारा.

‘प्लास्टिक’ हा शब्द ग्रीक, अर्थ घडवणे. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं गेलं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ही विद्या आपल्याला परकी नाही, पण ती शिकलेल्या हाताचीच आहे.

ताईने त्या क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. ‘‘आधी बुकिंग करा, मग सांगू,’’ असं उत्तर आलं. तिने फोन ठेवला. ऑपरेशन करायचं की नाही, हे ती अजून ठरवतेय. तो निर्णय तिचाच. अॅडव्हान्स मात्र भरला नाही.