वाऱ्यावर वाजणारी घंटा : निरोण्याचे लोखंड आणि फिरोजाबादची काच

कच्छच्या मोठ्या रणाला लागून असलेला बन्नी हा गवताळ प्रदेश म्हशींसाठी प्रसिद्ध आहे. येथील म्हशी रात्री चरावयास बाहेर पडतात आणि पहाटे दूध काढण्याच्या वेळी वस्तीवर परततात. बन्नी म्हशीस स्वतंत्र जात म्हणून २०१० साली मान्यता मिळाली. पण तिच्या गळ्यातील घंटा त्याहून कितीतरी जुनी आहे. काळोखात आणि उंच गवतात जनावर डोळ्यांना दिसत नाही, ते कानांनी शोधावे लागते. म्हणून येथील मालधारी घंटा विकत घेताना प्रथम ती वाजवून पाहत. प्रत्येकाच्या कळपाचा नाद वेगळा आणि मालकाच्या कानाला ओळखीचा असे.

ही घंटा घडविणारे लोहार भुजपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या निरोणा गावी आणि झुरा या गावीही राहतात. त्यांचे पूर्वज सिंधमधून आल्याचे सांगितले जाते. आज त्यांच्या घंटांपैकी मोठा हिस्सा म्हशीच्या गळ्यात जात नाही. तो दोरीत ओवला जाऊन, मध्ये लाकडाचे वा काचेचे मणी घेऊन, शहरातील घरांच्या सज्जात आणि दारात टांगला जातो. ज्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने सर्रास ‘विंड चाइम’ म्हटले जाते, ती ही वाऱ्यावर वाजणारी घंटा होय. मुंबई-पुण्याच्या हस्तकला प्रदर्शनांतून ती महाराष्ट्रातील ग्राहकांपर्यंतही पोहोचली आहे. टिकाऊ, हातांनी घडविलेली आणि पर्यावरणास पूरक, अशी तिची ओळख करून दिली जाते. ही तिन्ही विशेषणे कितपत खरी आहेत, हे तिच्या घडणीवरून तपासून पाहता येते.

भंगारापासून आरंभ

निरोण्याच्या घंटेचे मूळ द्रव्य म्हणजे भंगारातील लोखंडी पत्रा. जुने डबे, पिंपे, निकामी झालेले पत्रे कारागीर विकत घेतो व कातरीने कापतो. एक लांबट पट्टी वळवून नळकांडे केले जाते. एका गोल तुकड्याला ठोकून खोलगट टोपीचा आकार दिला जातो. हे दोन भाग जोडण्यासाठी ना झाळकाम केले जाते, ना रिबिटे ठोकली जातात. पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून हातोडीने घट्ट बसविल्या जातात. टोपीवर टांगण्यासाठी कडी व आत लोलक अडकविण्यासाठी आकडा बसविला की घंटेचा सांगाडा तयार होतो. या अवस्थेत ती वाजविली तर डब्यासारखा बसका आवाज येतो.

पुढील काम बहुधा घरातील स्त्रियांच्या हातचे असते. सांगाडा मातीच्या पातळ लगद्यात बुडवून त्यावर तांब्याची किंवा पितळेची भुकटी टाकणखारासह लावली जाते. त्यावर कापूस वा चिंध्या मिसळलेल्या चिखलाची जाड पोळी गुंडाळून ती भट्टीत ठेवली जाते. या साध्या दिसणाऱ्या कृतीत बरेच रसायनशास्त्र सामावलेले आहे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, पितळ त्याहूनही कमी तपमानाला. लोखंडास मात्र सुमारे १५३८ अंश लागतात. त्यामुळे भट्टीत भुकटी पाझरते, पण पत्रा आकार सोडत नाही. टाकणखार लोखंडावरील गंजाचा थर विरघळवून पृष्ठभाग स्वच्छ करतो, म्हणून वितळलेला धातू तेथे चिकटतो. चिखलाचे वेष्टण बाहेरची हवा अडवते आणि उष्णता सर्व बाजूंनी सारखी पसरविते. विशेष म्हणजे, हा पातळ धातू दुमडलेल्या कडांच्या फटींतही शिरतो. जे सांधे केवळ ठोकून बसविलेले होते, ते आता एकजीव होतात आणि घंटा वाजू लागते. तांब्याचा मुलामा केवळ शोभेचा आहे, असा सर्वसाधारण ग्राहकाचा समज असतो. वास्तविक तो घंटेचा कंठ आहे.

निवल्यावर मातीचे कवच फोडले जाते, घंटा घासून उजळली जाते आणि आत कठीण लाकडाचा, बहुधा शिसवीचा, लोलक बसविला जातो. लोखंडी लोलक कर्कश वाजतो. लाकडी लोलकाने नाद गोल होतो.

स्वर लावणे

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे. सुमारे तेरा-चौदा निरनिराळ्या आकारांच्या घंटा येथे होतात आणि प्रत्येक आकाराचा स्वर ठराविक पट्टीत यावा लागतो. कारागीर एकतालियो नावाच्या हत्याराने घंटेच्या ओठावर, म्हणजे खालच्या कडेवर, हलके ठोके देतो, वाजवून ऐकतो, पुन्हा ठोकतो. ओठाची वक्रता किंचित आत किंवा बाहेर गेली की स्वर बदलतो. मोजण्याचे उपकरण कोणतेही नसते. बापाने मुलाला शिकवावयाचे ते एवढेच, आणि ते शिकावयास वर्षे लागतात. लोहाराची इतर कामे डोळ्यांनी तपासता येतात. या कामात चूक झाली की नाही, हे केवळ कानच सांगू शकतो.

धातूच्या नळ्या टांगून केलेल्या चाइमचे गणित त्या मानाने सोपे आहे व नवशिक्यांना ते अवश्य शिकविता येईल. एकाच जाडीच्या व एकाच धातूच्या नळीची लांबी निम्मी केली तर तिची कंपनसंख्या दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे स्वर दोन सप्तके वर जातो. एकच सप्तक चढवावयाचे असेल तर लांबी मूळच्या सुमारे ७१ टक्के ठेवावी लागते. नळी टांगण्याची जागाही मनाला येईल ती नसते. टोकापासून एकूण लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर नळी कंप पावत नाही. तेथे छिद्र पाडून दोरी ओवली तर नाद दीर्घकाळ टिकतो. अगदी टोकाशी ओवली तर दोरीच तो गिळून टाकते. बाजारातील अनेक स्वस्त चाइम बसके वाजतात, त्याचे एक कारण धातूत नसून छिद्राच्या जागेत असते. ५० सेंटिमीटर लांबीच्या नळीस हे छिद्र टोकापासून सुमारे ११ सेंटिमीटरवर हवे. एका मोजपट्टीने हा दोष दूर होण्याजोगा आहे.

काचेचा नाद

काच ही वाजण्याची वस्तू नव्हे, फुटण्याची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काचेची घनता आणि ताठपणा ही दोन्ही ॲल्युमिनियमच्या फार जवळची आहेत. त्यामुळे सारख्याच आकाराच्या काचेच्या व ॲल्युमिनियमच्या नळ्या जवळजवळ एकाच स्वरात वाजतात. फरक असतो तो नाद विरण्याच्या रीतीत व आघात सोसण्याच्या शक्तीत.

उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे काचकामाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र. महाराष्ट्रातील कासाराच्या दुकानी मिळणाऱ्या काचेच्या बांगड्या बहुतांशी तेथूनच येतात. जवळच्या हाथरस जिल्ह्यातील पुर्दिलनगर काचेच्या मण्यांसाठी नावाजलेले असून चाइमच्या माळांत असे मणी वापरले जातात. फुटक्या बांगड्या व बाटल्या यांचे भंगार पुन्हा भट्टीत जाते. वितळावयाच्या मिश्रणात दर दहा टक्के भंगार काच वाढविली की सुमारे अडीच ते तीन टक्के इंधन वाचते, कारण एकदा बनलेली काच वाळू, सोडा व चुना यांच्या कच्च्या मिश्रणापेक्षा लवकर वितळते. पर्यावरणपूरकतेचा दावा करताना ही बाब उपयोगी पडते. मात्र भट्टीचे इंधन कोणते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. ताजमहालाच्या संरक्षणासाठी ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताज परिसरातील उद्योगांना कोळसा व कोक यांचा वापर बंद करण्याचा आदेश दिला. त्या परिसरात फिरोजाबाद येत असल्याने तेथील भट्ट्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. ज्यांना हा बदल परवडला नाही, त्यांचे हाल झाले, हेही विसरून चालणार नाही.

फुंकून काच घडविण्याच्या विद्येशी महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक धुरा वाहिली. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या या कारखान्याने काच तर केलीच, शिवाय काच करणारी माणसेही तयार केली. तेथे शिकलेले कारागीर देशात अन्यत्र गेले.

काच आणि लोखंड या दोन्हींच्या वायुघंटा एकाच देशात नांदत असल्याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथे त्यांना फूरिन म्हणतात. टोकियोतील काचेची फूरिन साच्याशिवाय हवेत फुंकून करतात, चित्र आतल्या बाजूने रंगवितात आणि तोंडाची कड मुद्दामच खरबरीत ठेवतात. लोलक त्या कडेला घासला की खास नाद निघतो. इवाते प्रांतात लोखंड ओतून केलेली नानबु फूरिन प्रसिद्ध आहे. तेथील मिझुसावा रेल्वे स्थानकावर उन्हाळ्यात या घंटा टांगतात. १९९६ साली जपानच्या पर्यावरण खात्याने जतन करण्याजोग्या देशातील शंभर नादांची यादी केली, तीत या स्थानकावरील घंटांचा समावेश आहे. आवाज हाही ठेवा मानून त्याची शासनाने नोंद घ्यावी, ही कल्पना आपल्याकडेही विचारात घेण्याजोगी आहे.

किती टिकाऊ?

कोरड्या कच्छमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली घंटा अनेक वर्षे चालते. तीच घंटा रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या ओसरीवर टांगली तर अनुभव निराळा येतो. मुलाम्याला ओरखडा पडून खालचे लोखंड उघडे झाले आणि खारी दमट हवा लागली की ते साध्या लोखंडापेक्षाही लवकर गंजते, कारण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडच स्वतःला झिजविते. जस्ताचा मुलामा लोखंडाला वाचवितो, तांब्याचा तसा वाचवीत नाही. यास्तव किनारपट्टीच्या भागात अशी घंटा पावसाच्या माऱ्यापासून आत टांगावी, पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात फिरवावा. निखळ पितळेची किंवा ॲल्युमिनियमची नळी तेथे अधिक टिकते.

काचेच्या बाबतीत खरी परीक्षा भट्टीतून बाहेर काढल्यानंतर असते. घडलेली वस्तू सुमारे ५०० अंशांपासून हळूहळू निववावी लागते. यास अनुशीतन म्हणतात. ते घाईने उरकले तर काचेत ताण राहतो आणि महिन्यांनी, कोणीही हात न लावता, ती तडकते. जुन्या बाटल्या कापून चाइम करणाऱ्या बचत गटांनी आणखी एक पथ्य पाळावे. काचेला छिद्र पाडताना व कडा घासताना त्या सतत पाण्याने ओल्या ठेवाव्यात, कारण काचेची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. पितळेच्या भुकटीचा मुलामा देणाऱ्या लोहारापुढे धोका आहे तो जस्ताच्या धुराचा. भट्टी मोकळ्या हवेत असावी, हा जुना संकेत निरर्थक नव्हता. ‘पर्यावरणपूरक’ या शब्दात कारागिराची फुप्फुसेही धरावयास हवीत.

ऐकणारा ग्राहक

कच्छच्या कारागिरीला २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने जबर धक्का दिला. त्यानंतरच्या काळात हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी संस्था उभ्या राहिल्या. भुजजवळ कुकमा येथील ‘खमीर’ ही २००५ पासून कार्यरत आहे. घंटांना नवी बाजारपेठ मिळाली, तीत अशा प्रयत्नांचा वाटा आहे. पशुपालनाची रीत बदलत असताना शोभेच्या वस्तूंची ही मागणी आली नसती, तर अनेक घरांतील हातोड्या केव्हाच थांबल्या असत्या.

तथापि या मागणीत एक उणीव आहे. मालधारी घंटा कानाने घेत असे; शहरातील ग्राहक ती डोळ्यांनी घेतो. झळाळी, मण्यांचा रंग आणि किंमत पाहिली जाते, नाद क्वचितच. घाऊक मागणी पुरविणाऱ्या कारागिराला स्वर लावण्यासाठी दिलेल्या वेळाचा मोबदला वेगळा मिळत नाही. बेसूर घंटाही त्याच भावाने खपत असेल, तर मुलाने ते कसब का शिकावे, हा प्रश्न रास्त आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. त्यातून हत्यारे घेता येतील. घंटेला ऐकणारा ग्राहक मात्र प्रदर्शनांतूनच घडवावा लागेल.

प्रदर्शनाच्या मांडवात याची सोय सहज करता येईल. घंटांच्या माळा कपड्यांप्रमाणे दाटीने न टांगता काही नमुने एकेकटे, मोकळ्या जागी टांगावेत आणि कारागिराच्या हाती एकतालियो द्यावा. त्याने ओठावर दोन ठोके मारून स्वर बदलून दाखविला की, किमतीतील फरक कशाचा, हे निराळे सांगावे लागत नाही. घरी नेल्यावर माळेतील सर्वांत कच्चा भाग म्हणजे दोरी. सुती दोरी पावसात कुजते, हलक्या प्रतीची प्लॅस्टिकची दोरी उन्हात ठिसूळ होते. घंटा दोन पिढ्या चालेल, पण दोरी दर उन्हाळ्याच्या अखेरीस तपासून बदलावी लागते.