मेल उशिरा येतोय? आधी तो कुठं थांबला ते शोधा



समजा, मंद्रूपमध्ये तुमचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. नव्या ग्राहकानं दहा वाजता मेल केला, "अकरापर्यंत कोटेशन पाठवा." तुम्हाला तो दिसला सव्वाअकराला. ऑर्डर गेली. आपण लगेच नेटला किंवा होस्टिंगवाल्याला दोष देतो. थांबा, पुरावा मेलमध्येच असतो.

पायरी १ : हेडर उघडा
जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. तिथं 'रिसीव्ड' नावाच्या ओळी दिसतील. पत्रावर प्रत्येक पोस्ट ऑफिस शिक्का मारतं ना, तसंच हे. प्रत्येक सर्व्हर मेल हातात आला की आपली वेळ सगळ्यात वर लिहितो. म्हणून वाचायचं खालून वर.

पायरी २ : वेळा एका घड्याळात आणा
इथं बरेच जण फसतात. आपली वेळ +०५३०. एखाद्या ओळीत २१:३२ आणि पुढं -०७०० असेल, तर त्यात साडेबारा तास मिळवा. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:०२.

पायरी ३ : अंतर कुठं आहे?
खालच्या ओळीत १०:०२ आणि वरच्या ओळीत १०:३४ असेल, तर मेल ३२ मिनिटं खालच्या सर्व्हरकडे पडून होता. सगळ्यात वरच्या ओळीतच १०:०२ असेल आणि तुम्हाला सव्वाअकराला दिसला, तर सर्व्हर निर्दोष. फोनमधलं 'फेच' दर तासाला ठेवलंय का ते बघा.

पण चूक कुणाची?
मेल समोरच्याकडे पडून होता म्हणजे चूक त्याचीच, असं नाही. बऱ्याचदा आपल्याच सर्व्हरनं त्याला दारातून परत पाठवलेलं असतं. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. अनोळखी पाठवणारा आला की सर्व्हर ४५१ सारखा कोड देऊन सांगतो, "आत्ता नको, नंतर ये." स्पॅमवाले सहसा परत येत नाहीत, खरा सर्व्हर येतो. पण केव्हा यायचं ते तो ठरवतो. ईमेलच्या नियमावलीत (आरएफसी ५३२१) दोन प्रयत्नांमध्ये साधारण किमान ३० मिनिटं ठेवावीत आणि ४-५ दिवस प्रयत्न करत राहावं, असं सुचवलंय. म्हणून जुन्या ग्राहकाचा मेल लगेच येतो आणि नव्याचाच अडकतो. धंद्याला नेमका तोच महाग पडतो.

लक्षात ठेवा: ४ नं सुरू होणारा कोड म्हणजे "नंतर ये", ५ नं सुरू होणारा म्हणजे "येऊच नको".

काय करायचं?
१. होस्टिंगच्या सपोर्टला "मेल लेट येतो" एवढंच सांगू नका. मेसेज-आयडी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ द्या, लॉग बघायला सांगा.
२. कारण ग्रेलिस्टिंग निघालं, तर महत्त्वाचे डोमेन व्हाइटलिस्टमध्ये टाका. नव्या ग्राहकांवर धंदा असेल, तर ग्रेलिस्टिंग बंद करून दुसरा स्पॅम फिल्टर चालू ठेवा. सगळंच बंद करू नका.
३. मेलबॉक्स भरलाय का बघा. त्यामुळंही मेल थांबतात किंवा परत जातात.
४. होस्टिंग बदललं असेल, तर जुनं एमएक्स रेकॉर्ड राहिलंय का तपासा.

आणि कोटेशनची वेळ ठरलेली असेल, तर सरळ फोन करून विचारा, "साहेब, मेल पाठवलात का?"

आजचा गृहपाठ : नव्या ग्राहकाचा शेवटचा मेल उघडा आणि त्याचे शिक्के खालून वर वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. आजच करा!