सप्ताहातील ध्वनिक्षेपक : आवाज बारीक का होतो व दोष कसा शोधावा

नवविधा भक्तीच्या गणनेत श्रवणाला पहिले स्थान आणि कीर्तनाला दुसरे. ऐकणारा नसेल तर सांगणे वाया जाते, हे त्या क्रमातच आले. आता सप्ताहात मंडपाच्या टोकाला कोण बसते ते पहा. कडेवर लेकरू घेतलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून सावकाश आलेली म्हातारी, रानात दारं धरून उशिरा पोचलेला शेतकरी. पुढची जागा भरलेली असते म्हणून ही माणसे शेवटी बसतात, आणि आवाज बारीक झाला की उपास यांच्याच कानांना घडतो.

आपल्या बीड जिल्ह्यात नारायणगड, गहिनीनाथगड आणि शेजारच्या भगवानगडाच्या परंपरेने नारळी सप्ताह होतात. एवढ्या समुदायाला नुसता गळा पुरत नाही, ध्वनिक्षेपक लागतोच. कीर्तनकाराने यंत्र उघडून दुरुस्त करावे असे कोणी म्हणत नाही. पण दोष कुठे आहे एवढे टाळकऱ्यांना, विणेकऱ्याला आणि सप्ताहाच्या चालकांना ओळखता यावे, इतकाच या पाठाचा हेतू.

मूळ सिद्धान्त

नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात, आणि तो कानापर्यंत कसा येतो हे सांगताना वीचीतरंगन्याय देतात. डोहात खडा पडला की एक लाट दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला, तसा शब्द पुढे सरकतो. आजचे पदार्थविज्ञान आकाशाच्या जागी हवा म्हणते. पण एकातून दुसरे ही साखळी दोघांनाही मान्य आहे. आपल्या मंडपातली साखळी अशी : मुख, माईक, वायर, मिक्सर आणि त्यासोबतचा ईको, मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, कर्णा, आणि शेवटी श्रोत्याचा कान.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. आधीच्या कडीत जे हरवले ते पुढच्या कडीत परत मिळत नाही. माईकपाशी आवाज कमी आला आणि मशीनचे बटन पिळून तो वाढवला, तर सोबत वायरची गुणगुण आणि मृदंगाची धमक तेवढीच वाढते. माईक शिट्टी मारतो आणि शब्द पुन्हा बारीकच राहतो. म्हणून शोध नेहमी मुखापासून कर्ण्याकडे करावा. बहुधा मंडळी उलटे करतात.

मुख आणि माईक

तोंडापासून माईक चार बोटांवरून आठ बोटांवर गेला, की माईकवर पडणारा आवाजाचा दाब जवळजवळ निम्मा होतो. ध्वनिमापनाच्या भाषेत हे सहा डेसिबल. मशीनने हे भरून काढायचे म्हटले तर चौपट वॅट लागतात. शंभर वॅटचे काम चारशेवर जाते, आणि चूक मात्र चार बोटांची! कीर्तनकार निरूपणाच्या भरात मागे सरतो, बाजूला वळतो. म्हणून माईकची उंची आणि दिशा उभे राहण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.

दुसरे, उघडे माईक. टाळकऱ्यांपुढे, मृदंगापुढे, पेटीपुढे सगळीकडे माईक चालू ठेवले तर शिट्टी लवकर सुटते. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीशिवाय मिळणारी वाढ सुमारे तीन डेसिबलने घटते. निरूपण चालू असताना गायनाचे माईक खाली घ्यावेत.

तिसरे, माईकच्या जाळीत धूळ, बुक्का आणि थुंकी बसून ती बुजते. जाळी काढता येत असेल तर काढून धुवावी, पुरती वाळवून बसवावी. बिनवायरचा माईक असेल तर त्याचे सेल आधी बदला. कंडेन्सर जातीच्या माईकला बहुधा मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात. ते बटन बंद असेल तर माईक चांगला असूनही मुका राहतो.

वायर

माईकच्या वायरीत दोन तारा आवाज वाहतात आणि तिसरी जाळीदार तार त्यांचे रक्षण करते. दोहोंपैकी एक तुटली तर आवाज पुरता जाईलच असे नाही. तो बारीक आणि पातळ होतो. पूर्ण गेला असता तर वायरीवर संशय आला असता. येतो आहे म्हणून कोणी तिकडे पाहत नाही, आणि दोष लपतो. पिनेपाशी वायर हलवून पहावी. आवाज कमीजास्त झाला, खरखर आली, की सोल्डरचा डाग सुटला म्हणून समजा.

मिक्सर आणि ईको

माईकपासून येणारी वीज व्होल्टच्या काही हजारांश भागाइतकीच असते. मोबाईल किंवा गाणी वाजवायच्या यंत्रापासून येणारी एक व्होल्टच्या आसपास. म्हणून मिक्सरला दोन प्रकारची भोके असतात, एक माईकचे आणि एक लाईनचे. माईक चुकून लाईनच्या भोकात गेला तर कुजबुज ऐकू येईल. तसेच पॅड नावाचे बटन दाबलेले असेल तर बहुधा वीस डेसिबल तिथेच जातात.

बटने लावताना क्रम असा ठेवावा. प्रथम गेन, मग त्या माईकची पट्टी, मग मुख्य पट्टी, शेवटी मशीन. गेन लावताना ‘हॅलो, हॅलो’ नको. कीर्तनकाराने भर गजरातला सूर लावावा, आणि लाल दिवा लागू लागला की गेन थोडा मागे घ्यावा.

शंका : ईकोने आवाज भरदार वाटतो, मग तो काढावा का?

समाधान : ईको दोन रीतीने जोडतात. एका रीतीत सगळा आवाज ईकोच्या पेटीतूनच पुढे जातो. तिचे आत येणारे किंवा बाहेर जाणारे बटन खाली असेल तर आवाज तिथेच अडतो. दुसऱ्या रीतीत मूळ आवाज सरळ जातो आणि ईको बाजूने मिसळतो. ही रीत बरी. परीक्षा सोपी आहे. ईको मधून काढून माईक सरळ मशीनला द्यावा; आवाज वाढला तर दोष तिथेच. अभंगाच्या चालीला थोडा ईको शोभतो. निरूपणात मात्र तो अक्षरावर अक्षर चढवतो. आवाज मोठा असूनही श्रोता म्हणतो, ‘महाराज, ऐकू येईना.’ त्याला अर्थ ऐकू येत नसतो.

मशीन आणि कर्णे

आपल्याकडे कर्णे बहुधा शंभर व्होल्टच्या लाईनवर लावतात. तिथे सगळ्या कर्ण्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा कमी हवी. अडीचशे वॅटच्या मशीनवर तीस-तीस वॅटचे आठ कर्णे, म्हणजे २४०, चालतात; दहा लावले तर मशीनवर ओझे येते. कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळ्या वॅटची टोके असतात. तीसऐवजी पंधराच्या टोकाला वायर लागली तर त्या कर्ण्याला निम्मीच ताकद मिळते.

गावात संध्याकाळी वीज २३० वरून १८० व्होल्टवर उतरली, तर साध्या बनावटीच्या मशीनची कमाल ताकद साधारण चार दशांशाने घटते. अशा वेळी बटन पिळले की आवाज फाटतो आणि कर्ण्याचे युनिट जळते. शेजारी लावलेल्या दोन कर्ण्यांपैकी एकाची वायर उलटी असेल तर एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो. मधे बसलेल्यांना आवाज बारीक येतो. दोन्हींच्या खुणा जुळवून घ्याव्यात.

मशीनचे झाकण मात्र जाणकारावाचून उघडू नये. वायर बदलताना मशीन बंद करावे. ओल्या हाताने काहीही धरू नये.

अन्वय आणि व्यतिरेक

न्यायशास्त्र शिकताना धूर आणि अग्नीचे उदाहरण देतात. एक असता दुसरे असणे हा अन्वय, एक नसता दुसरे नसणे हा व्यतिरेक. माईकवाल्याची परीक्षा हीच. चालू असलेली, खात्रीची वायर आणा, आणि फक्त वायर बदला. आवाज सुधारला, जुनी लावताच पुन्हा बारीक झाला, तर कारण सापडले. एका वेळी एकच वस्तू बदलावी. पाटोदा तालुक्यातल्या एका गावी आवाज लागेना म्हणून मशीन बदलले, कर्णे वाढवले, मिक्सरही दुसरा आणला. आवाज तसाच. शेवटी एका पोराने माईकची वायर तेवढी बदलली आणि शेवटच्या रांगेतल्या बायांनी मान वर केली.

मर्यादा

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून व्यासपीठापाशी गर्जना करण्यापेक्षा मधल्या खांबावर एक कर्णा श्रोत्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेकडे थोडा झुकवून लावावा. तोही फार लांब नको. शब्द सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या कर्ण्याचा शब्द पाऊण अभंग नव्हे, पण पाऊण शब्द मागे पडून गोंधळ करतो.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते. चालकांनी परवानगी आधी पहावी आणि काकड्याला कर्णा लावू नये. गावात आजारी माणूस असतो, परीक्षेचे पोर असते. त्यांनाही कान आहेत.

तात्पर्य, आवाज बारीक झाला की शेवटचे बटन पिळू नका. मुखापासून एकेक कडी तपासा. साधनातही हेच आहे. अंतःकरणात भाव नसेल तर वरून कितीही गर्जना केली तरी ती गर्जनाच राहते. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी एका टाळकऱ्याला मंडपाच्या टोकाला पाठवावे आणि त्याने तिथून हात वर केला म्हणजेच नमन सुरू करावे.

रामकृष्णहरि.