स्वतःच्या पायावर : एका हिशेबवहीचा अभ्यास

बी. ए. द्वितीय वर्ष

मुलगा शिकून नोकरीला लागला, की आपण म्हणतो, "आता तो स्वतःच्या पायावर उभा राहिला." आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे "तू स्वतःच्या पायावर उभी राहा" हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच आले. पण ज्याला एक पायच नाही त्याने उभे राहायचे म्हणजे काय करायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मला गेल्या वर्षीपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका हिशेबवहीमुळे. त्या वहीच्या निमित्ताने थोडा अभ्यास केला, तो येथे मांडते.

माझे वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगचे काम करतात. त्यांच्याच टेबलावर एक काका काम करतात. अकरा वर्षांपूर्वी गावी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करताना त्यांचा डावा पाय मळणी यंत्रात गेला. गुडघा वाचला, त्याखालचा पाय कापावा लागला. पुढे एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला आणि तो लावून ते शहरात आले. गेल्या वर्षी मात्र उरलेल्या पायाच्या टोकाला वारंवार जखमा होऊ लागल्या. कृत्रिम पाय घालवेना. कुबड्या घेऊन येत, पण महिन्यातले आठ-दहा दिवस खाडे होत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, "हाड टोकाशी वाढले आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करून ते गुळगुळीत करावे लागेल, मगच नवा पाय नीट बसेल."

पाय कापल्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया कशाला, असे मलाही वाटले होते. कृत्रिम पाय उरलेल्या पायावर एका खोलगट साच्यात बसतो. गुडघ्याखालच्या पायात शरीराचा भार टोकावर न घेता मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या भागावर घ्यायचा असतो. टोकाशी हाड वाढले, कापलेल्या मज्जातंतूची गाठ झाली किंवा कातडी हाडाला चिकटली, तर चांगला साचाही टोचतो. शस्त्रक्रियेत हाडाची धार काढून त्यावर स्नायूंची गादी करतात. जखम भरल्यावर सूज उतरायला काही महिने लागतात, आणि तोवर पायाचा आकार बदलत राहतो. म्हणून घाईने केलेला पहिला साचा पुढे सैल होतो. गुडघा शिल्लक असणे ही यात मोठीच जमेची बाजू, कारण गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाला चालताना कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते.

नव्या पायाची गोष्टही जाणून घेण्यासारखी आहे. परदेशी धर्तीचे जुने कृत्रिम पाऊल बुटात घालून चालण्यासाठी बनवलेले असे. आपल्याकडचा माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, शेतात उकिडवा बसतो. ही अडचण ओळखून जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून 'जयपूर फूट' तयार केले. शर्मांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल गरिबांपर्यंत मोफत पोहोचवले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र तर दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांसाठी १९४४ सालीच सुरू झाले.

म्हणजे शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात आणि पाय मोफत. मग पैशाची अडचण कोठे? हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही, ते हिशेबवहीने सांगितले. काका ठेकेदाराकडचे कामगार. काम केले त्या दिवसाचीच मजुरी. शस्त्रक्रिया, जखम भरणे आणि नवा साचा मिळून किमान तीन महिने घरी बसणे होते. तीन महिन्यांचे खोलीभाडे, किराणा, दोन मुलांची शाळा, ड्रेसिंगसाठी रिक्षाने जाणे-येणे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. दवाखान्याच्या खर्चाच्या कितीतरी पट हा खर्च होता. गरिबाचा उपचार फुकट असला तरी त्याचा वेळ फुकट नसतो.

खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढायची ठरवले. लिहिणारी म्हणून माझी नेमणूक झाली. मी वही आखली, नावे लिहिली, रकमा मांडल्या. एका रविवारी आमच्या खोलीत सगळे जमले, तेव्हा मी उभी राहून यादी मोठ्याने वाचली. कोणी शंभर, कोणी पाचशे. हिशेब चोख असावा, एवढाच माझा हेतू होता. काका मान खाली घालून बसले होते. निघताना दारात ते हळूच म्हणाले, "बाई, हिशेब चांगला ठिवलास. पर नावं नको वाचत जाऊ. मला उद्या याच टेबलावर काम करायचंय."

तो रविवार मी विसरू शकत नाही. वडिलांनाही ते उमगले असावे. त्यांच्या खात्यात वीस जणांची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी एक हजार. काकांची पाळी अठरावी होती आणि त्या महिन्याची उचल माझ्या वडिलांची होती. तिच्यातून माझ्यासाठी जुनी स्कूटी घ्यायची ठरले होते, कारण बजाजनगरहून महाविद्यालयात यायला मला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. वडिलांनी पाळी बदलून घेतली. मला राग आला, हे मी लपवत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण वर्गणीला हात लावताना संकोचणारे काका ही वीस हजारांची रक्कम ताठ मानेने घेऊन गेले. "भिशी माझीच हाय, हप्ते मीच भरणार," असे ते म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की मदतीत रकमेइतकेच महत्त्व ती घेणाऱ्याच्या उभे राहण्याला असते.

याच विचाराने मी ग्रंथालयात शोधू लागले. कामावर जखमी झालेल्याने मदत मागावी की हक्क मागावा? महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

१९२३ च्या कायद्याची दुसरी अनुसूची वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारा मजूरही तीत होता. म्हणजे काकांना तेव्हा भरपाई मागण्याचा हक्क होता! आणि तो मागण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती. अकरा वर्षे उलटून गेली होती. मी काकांना विचारले, तेव्हा काय मिळाले? ते म्हणाले, "मालकानं दवाखान्याचं बिल भरलं. आम्ही नवरा-बायको त्यांच्या पाया पडलो."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. जो हक्क होता तो उपकार म्हणून मिळाला, तोही अपुरा. घरात वाचणारे कोणी नव्हते, एवढेच त्याचे कारण. मुदतीनंतर दावा दाखल होऊ शकतो का, हे एका वकिलांना विचारले. विलंबाला सबळ कारण दाखवावे लागते आणि एवढ्या वर्षांनंतर पुरावे मिळणे कठीण, असे ते म्हणाले. काकांनीच "आता ऱ्हाऊ दे" म्हणून विषय मिटवला.

या अभ्यासातून मला तीन गोष्टी हाती आल्या. पहिली, मदत करताना घेणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब आधी करावा. दुसरी, मदत शक्यतो अशी असावी, की तिच्यात घेणाराही भागीदार राहील. आणि तिसरी, आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे, पण प्रमाणपत्राचा अर्ज भरता येत नाही म्हणून कित्येकजण बाहेरच राहतात. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षाकाठी असा एक अर्ज भरून दिला, अपघात झालेल्या एका घराला मुदत संपण्याआधी कायदा वाचून दाखवला, तरी आपल्या शिक्षणाचे चीज होईल. वर्गणीची यादी मात्र मोठ्याने वाचू नये.

काकांची शस्त्रक्रिया झाली. तीनऐवजी चार महिने लागले. नवा पाय बसला आहे. उन्हाळ्यात घामाने अजून त्रास होतो, पण जखम नाही. कुबड्या खोलीच्या कोपऱ्यात उभ्या आहेत. मी अजून दोन रिक्षा बदलूनच येते. वडिलांची पाळी आता अठरावी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा जिना चढून येतात, हजार रुपये ठेवतात आणि म्हणतात, "बाई, लिहून घे." मी लिहून घेते, आणि वही मिटून ठेवते.